रुंद समासाचं संदर्भ बायबल: घर आणि विश्वासाच्या ओढाताणीत
“आमचं ऐकणार की तुझ्या प्रभूचं?” असं घरचे विचारतात तेव्हा एकच वचन पुढे करणं धोक्याचं. लूक १४:२६ मधला ‘द्वेष’ (आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असं येशू तिथे म्हणतो) सुटा वाचला की घर तुटतं. या बायबलच्या मधल्या रकान्यात (तिथे संबंधित वचनांचे संदर्भ असतात) त्याला लागूनच मत्तय १०:३७ दिलंय: ‘माझ्यापेक्षा अधिक’ प्रीती. प्रश्न तिरस्काराचा नाही, अग्रक्रमाचा आहे. फार मोलाची जोड! मार्क ७:९-१३ (देवाच्या नावाखाली आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने खडसावलं तो भाग) मात्र तिथे नाही. तो हाताने लिहून घ्या, १ तीमथ्य ५:८ (घरच्यांची काळजी घेण्याविषयीचं वचन) सुद्धा. समास भरपूर, पण कागद पातळ. जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते. टोकदार पेन्सिलच बरी. बांधणी शिवलेली असल्याने उघडं पान मिटत नाही.