रायडन, दोदोनपाची की इकारुगा? भाच्याला दिलेलं उत्तर

कोथरूडहून भाच्याचा मेसेज आला: "मामा, विमान खालून वर जातं ना, त्या शूटिंग गेममधला एकच सुट्टीत नीट शिकायचाय. रायडन, दोदोनपाची की इकारुगा?" सोबत दोदोनपाचीचा व्हिडिओ, पडदाभर गुलाबी आणि निळ्या गोळ्या. खाली प्रश्न: "हे माणसाला जमतं?"

जमतं. गोळ्या किती ते मोजू नकोस, त्या किती वेगानं येतात ते बघ. स्वारगेटला रिकाम्या रस्त्यावरून सुसाट येणारी एकच बस चुकवणं वेगळं आणि दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवरून अंग चोरत पुढे सरकणं वेगळं. गर्दी दुसरीकडे जास्त, पण हातपाय मोडायची भीती पहिलीकडे.

रायडन (१९९०, सेइबू कैहात्सू कंपनीचा) म्हणजे ती बस. गोळ्या मोजक्या, पण झपकन येतात, आणि आपलं विमान ऐसपैस असल्यामुळे पंखाला लागली तरी खेळ खलास. गोळी सुटते तेव्हा तू जिथे असतोस तिथेच ती येते. म्हणून जागेवर थांबायचं नाही. हळूहळू एका बाजूला सरकत राहायचं, कडेला पोहोचलास की झटक्यात उलट वळायचं. लाल शस्त्र घेतलं तर गोळ्या पसरतात, निळं घेतलं तर सरळ लेझर. नवख्यानं लालच घ्यावं. आणखी एक फसवणूक: बॉम्ब टाकल्यावर तो लगेच फुटत नाही. घाबरून बटण दाबलं तर तो फुटेपर्यंत तू मेलेला असतोस. मेल्यावर जमवलेली ताकद जाते, आणि तीच तर तिथे हवी होती. माझा जीव या गेमवर आहे, पण सुरुवात यानं कर असं मी कुणाला सांगणार नाही.

माझी सुरुवात त्याच्याही आधीची. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या कॅसेटमध्ये कॅपकॉम कंपनीचा '१९४२' नावाचा खेळ असायचा. पार्लरमधल्या मूळ मशिनवर तो १९८४ला आला. विमान कोलांटी मारायचं आणि तेवढ्यापुरतं वाचायचं. त्याच्याआधी १९८२मध्ये नामकोच्या मासानोबू एंदोनं झेव्हिअस या खेळात विमानाखालची जमीन सरकवली आणि दोन बटणं दिली, एक हवेतल्या शत्रूंसाठी, एक जमिनीवर बॉम्ब टाकायला. गॅलागासारख्या जुन्या खेळांपर्यंत शत्रू आपल्याकडे येत होते. इथून पुढे आपण कुठेतरी चाललोय असं वाटायला लागलं.

आता दोदोनपाची (१९९७). नावात आपल्याला दोन आणि पाच ऐकू येतात, पण 'पाची'मध्ये आहे ती जपानी मधमाशी, आणि खेळातही मधमाश्या लपवून ठेवल्यात. तोआप्लान ही कंपनी १९९४मध्ये बुडाली. तिथल्या काही लोकांनी केव्ह ही कंपनी काढली, दोदोनपाची तिचाच, आणि तोआप्लानच्या बात्सुगुन या खेळानं (१९९३) दाखवलेली वाट पुढे नेली: गोळ्या भरपूर पण संथ, आणि आपल्या विमानाचा मरणारा भाग मधला जेमतेम ठिपका. बाकीच्या पत्र्यातून गोळी आरपार गेली तरी काही होत नाही. हे एकदा हाताला कळलं की व्हिडिओतली भिंत जाळीसारखी दिसायला लागते. बटण टकटक दाबलं तर पसरट मारा. दाबून धरलं तर लेझर, आणि विमानही मंदावतं, म्हणजे चिंचोळ्या फटीतून जाताना ब्रेक तुझ्याच बोटाखाली. किती सोपी आणि किती हुशार योजना! गुणांसाठी शत्रू न थांबता एकामागून एक पाडायची साखळी असते. पहिला महिनाभर तिच्याकडे बघूही नकोस.

इकारुगा (२००१, ट्रेझर) दिसायला तिघांत सगळ्यात देखणा, पण तो मला कोडंच वाटतो. विमान पांढरं किंवा काळं करता येतं. आपल्या रंगाच्या गोळ्या गिळायच्या, विरुद्ध रंगाची लागली की मेलास. शत्रूला मात्र विरुद्ध रंगानं मारलं तर दुप्पट इजा. बॉम्ब नाही. एकही गोळी न झाडता अख्खा खेळ संपवता येतो. पाचच टप्पे, पण पाढ्यांसारखे पाठ करावे लागतात. तुला पाठांतराचा कंटाळा, हे तुझ्या आईनं मला बऱ्याचदा सांगितलंय.

तेव्हा दोदोनपाची घे. मूळ खेळ सहज मिळत नाही, पण त्याच मालिकेतला रेझरेक्शन स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आहे. इकारुगाही तिथे २०१४पासून आहे. तो पुढच्या सुट्टीत.

मॉनिटर उभा करता आला तर कर आणि खेळाच्या सेटिंगमध्ये चित्र फिरव. पार्लरमधल्या या खेळांच्या मशिनचे पडदे उभेच असायचे, त्यामुळे गोळीला खाली यायला लांब रस्ता आणि आपल्याला विचार करायला थोडी सवड. आडव्या पडद्यावर दोन्ही बाजूंना पट्टे आणि मध्ये चिंचोळं चित्र. नजर आपल्या विमानावर खिळवू नकोस, त्याच्या किंचित वर ठेव.

डेक्कनच्या बाजूला आमचं एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथल्या मशिनची स्टिक डावीकडे जायचीच नाही. तक्रार केली तर मालक म्हणाला, "मग उजवीकडून खेळा." टोकन परत मिळालं नाही. त्या रागातून की काय, गेल्या वर्षी तपकीर गल्लीतून मायक्रोस्विच (स्टिकच्या आतली छोटी बटणं) आणून मी घरीच एक स्टिक जोडली. शनिवारी ये आणि घेऊन जा. डावीकडे जाते.