इंडियाना फुटबॉल २०२४: सीझन तिकीट घ्यावं का?

इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सीझन तिकीट घ्यावं का, असं ब्लूमिंग्टनच्या आपल्या मंडळींपैकी दोघातिघांनी गणपतीत विचारलं होतं, म्हणून लिहितोय. घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

आधीची तऱ्हा जुन्यांना ठाऊक आहे. पार्किंगमध्ये ग्रिल पेटवायची, पोटभर खायचं, मॅच अर्धी बघायची आणि हाफटाइमला पुन्हा ग्रिलपाशी. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. दुसरं करणार तरी काय? मग जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले. साठी ओलांडलेले, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. पत्रकारांना सांगून टाकलं, मी जिंकतो, गूगल करून बघा. आणि बोले तैसा चाले निघाले! ११ विजय. त्याआधी या संघाचा उच्चांक होता ९.

यात जादूबिदू काही नाही. सिग्नेटी स्वतःच्या जुन्या संघातले डझनभर गडी सोबतच घेऊन आले. कमारा, फिशर, पॉन्ड्स, सॅरेट, सगळे तिकडचे. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, रोर्क ओहायो विद्यापीठातून उचलला. फालतू पेनल्टी कमी, टॅकल पक्के. नेब्रास्काला ५६-७ धुतलं, त्यात रोर्कचा अंगठा दुखावला, तरी पुढच्या शनिवारी राखीव क्वार्टरबॅक टेवन जॅक्सनने वॉशिंग्टनला ३१-१७ हरवलं. पर्ड्यूविरुद्ध ६६-०, शेवटी शेवटी शेजाऱ्यांची दया यायला लागली. (दोन मिनिटंच.)

खरी मजा मिशिगनची. हाफटाइमला १७-३, आणि नंतर आपली गाडी जी रुतली ती रुतलीच, सगळा भार डिफेन्सवर. सुटलो कसेबसे, २०-१५. त्या दिवशी हाफटाइमला कुणी ग्रिलकडे गेलं नाही.

अर्धा गुण कशाला कापला? मोठ्या संघांपुढे लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, टिकली नाही म्हणून. ओहायो स्टेटने रोर्कला पाच वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकायच्या आधीच पाडलं, आणि आपण ३८-१५ हरलो. प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, नोट्रडॅमकडे तर घास तोंडाशी आला होता: पॉन्ड्सने पास अडवून चेंडू मिळवून दिला, आपण गोललाइनजवळ पोचलो, तिथे रोर्कचा पास त्यांच्या हाती, आणि लगेच पुढच्याच प्लेला जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळाला. चौथ्या क्वार्टरमध्ये १७ गुणांनी मागे असताना सिग्नेटींनी पंट केली, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून त्यांच्या हवाली केला, ते मला अजून पटलेलं नाही. एवढी फुशारकी मारणाऱ्याने तिथे कच का खावी? शेवटच्या दीड मिनिटातल्या दोन टचडाउनमुळे २७-१७ दिसतं, एवढंच. वेळापत्रक सोपं होतं ही बाहेरच्यांची कुरकुर, तीही अगदीच खोटी नाही.

रोर्कची कॉलेजकडून खेळायची मुदत संपली, त्याच्या जागी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा आला. तिकीट घ्यायचं तर लवकर घ्या आणि पश्चिमेकडची बाजू बघा, दुपारच्या मॅचला ऊन पाठीशी राहतं. नोव्हेंबरसाठी मात्र थर्मल हवेतच. नुसत्या स्वेटरवर जाऊ नका.