एचएसएल की कर्व्ह? रंग शिकणाऱ्याने आधी कशाला हात घालावा

फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाची मुलं हल्ली मला एकच प्रश्न विचारतात: रंगांचे प्रयोग करायचे तर आधी एचएसएलचे (ह्यू, सॅच्युरेशन, ल्युमिनन्स, म्हणजे रंगाची छटा, भरणा, उजळपणा) स्लायडर शिकावेत की कर्व्ह, म्हणजे उजेड आणि रंग बदलायची वाकवता येणारी रेघ? दोन्ही फोटो एडिट करायच्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकमेकांच्या खालीच असतात. 'दोन्ही शिका' हे उत्तर चुकीचं नाही, पण पोर्टफोलिओ द्यायला महिना-दीड महिना उरला असेल तर हात एकावरच बसतो. माझ्यावरही ती वेळ आली होती, म्हणून माझं काय झालं ते सांगतो.

सुरुवात मी एचएसएलनेच केली, आणि त्याचा मोह मला आजही समजतो. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा, मॅजेन्टा असे आठ रंग, आणि प्रत्येकाची छटा, भरणा आणि उजळपणा वेगळा हलवायची सोय. मनात 'कोथिंबीर जरा जास्त हिरवी हवी' असं आलं की त्याच नावाचा स्लायडर समोर हजर. बडोद्याच्या खंडेराव मार्केटबाहेर सकाळी फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्यांचे फोटो काढायचे आणि दुपारी एकेक रंग सुटा करून बघायचा, यात माझे पहिले दोन महिने फार आनंदात गेले. टोपलीत माणूस नसतो, त्यामुळे खोट कुठे आहे ते कळलं नाही.

ती कळली गणपतीत. रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात खिडकीपाशी झोपाळा आहे. सागाची फळी, पितळी कड्या. त्यावर बसून आजी झेंडूचा हार ओवत होती. खिडकीतून येणारा उजेड मऊ होता. मी ३२ फोटो काढले. स्क्रीनवर झेंडू फारच अंगावर येत होता, सगळी नजर तोच खेचून घेई. मी केशरीची छटा थोडी पिवळ्याकडे सरकवली, भरणा कमी केला. फुलं अगदी मनासारखी शांत झाली. आजीला दाखवलं तर ती चष्मा वर करून म्हणाली, "काय रे बाळा, मला कावीळ झालीय का?"

तिचं खरं होतं. माणूस गोरा असो की सावळा, त्वचा बहुतेक वेळा केशरीच्याच खात्यात जमा होते. आणि आपल्या घरात त्या खात्यात आणखी काय काय असतं बघा: साग, पितळ, हळद, झेंडू, समईचा उजेड. एक स्लायडर हलवला की सगळ्यांचीच बदली होते. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून पाहिला तेव्हा त्याहून वाईट गोष्ट दिसली. गालावर जिथे रक्ताची लाली असते ती जागा लालच्या खात्यात होती आणि तिच्या शेजारची त्वचा केशरीच्या. एकाला हलवलं, दुसऱ्याला नाही, त्यामुळे आजीच्या गालावर नकाशासारखी एक कड उमटली. तिच्या गालावर अशी कड नाही.

मास्क, म्हणजे फोटोचा निवडलेला भागच बदलायची सोय, हा त्यावरचा उपाय, हे मला मान्य आहे. चेहऱ्याचा मास्क सॉफ्टवेअर आता स्वतःच बऱ्यापैकी काढतं. पण हार ओवणाऱ्या हातांचं काय? बोटं फुलांमध्ये, फुलं बोटांमध्ये, मधून दोरा. असे फोटो ३२. तिसऱ्या फोटोला मी थांबलो. माझा निर्णय खरं तर या एका कटकटीने केला.

कर्व्ह मी तोवर टाळत होतो, कारण तिथे 'झेंडू' किंवा 'आकाश' असं काही लिहिलेलं नसतं. लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल, प्रत्येकात एक तिरकी रेघ. रेघेचं डावं टोक सावल्यांचं, उजवं उजेडाचं. लाल खाली ओढला की फोटो आकाशीकडे जातो, हिरवा खाली ओढला की मॅजेन्टाकडे, निळा खाली ओढला की पिवळ्याकडे. १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेल्या तीन प्रतिमा एकावर एक पाडून रंगीत फीत दाखवली होती, त्याच विचाराची ही पुढची पिढी. पिक्सेलचा रंग कोणता, हे कर्व्ह विचारतच नाही. त्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती एवढंच पाहतो. रेघ सलग असेल तर शेजारी शेजारीच राहतात, गालावर कड पडत नाही.

आजीच्या फोटोत झेंडूचा लाल चॅनल जवळजवळ टोकाला गेला होता, चेहऱ्याचा लाल त्याच्या बराच खाली होता. म्हणून लालच्या रेघेवर चेहऱ्यापाशी एक बिंदू रोवून ठेवला आणि वरचा भाग किंचित खाली आणला. झेंडू शांत झाला, आजीचा चेहरा जागेवर राहिला. सावल्यांसाठी मी आपल्याच गावातल्या फतेहसिंह म्युझियममध्ये गेलो. राजा रविवर्म्याच्या मूळ चित्रांसमोर उभं राहून नुसत्या लुगड्यांच्या निऱ्या पाहिल्या. मला त्यांच्या खोल सावल्या काळ्या दिसल्या नाहीत, ऊबदार तपकिरी दिसल्या. घरी येऊन निळ्याचा सावल्यांचा भाग जरासा खाली आणि लालचा तितकाच वर घेतला. झोपाळ्याखालचा अंधार पहिल्यांदाच आमच्या घरातला वाटला.

कर्व्हचेही त्रास आहेत. हिरव्याला हात लावताना जपावं लागतं: डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ धरतात. हिरवा हलला की एक्स्पोजरच बदलल्यासारखं वाटतं. जेपेगवर जोराचा कर्व्ह दिला तर आकाशात पायऱ्या दिसतात, कारण तिथे प्रत्येक चॅनलला २५६च पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, त्या १६,३८४ असतात, म्हणून प्रयोग रॉवरच करावेत. मोबाइलवर बोटाने बिंदू धरणं तर मला अजून नीट जमत नाही.

आणि काही कामं कर्व्हची नाहीतच. साडीच्या दुकानासाठी फोटो काढताना राणी रंग राणीच दिसायला हवा आणि मोरपंखी मोरपंखीच, बाकी काही हलता कामा नये. तिथे मी आजही मुकाट्याने एचएसएल उघडतो. निसर्गाचे किंवा वस्तूंचेच फोटो काढणाऱ्याला कदाचित माझी अडचण कधी येणारही नाही, त्याने एचएसएलपासून सुरुवात केली तर मी अडवणार नाही. नवरात्रातल्या गरब्याच्या एलईडीत निळा एकदा फुटला, म्हणजे टोकाला जाऊन त्यातला तपशीलच गेला, की मात्र दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही, ते कॅमेऱ्यातच सांभाळावं लागतं.

पण तुमच्या फोटोंत माणसं असतील, आणि तीही आपल्या घरातल्या पिवळ्या उजेडातली, तर मला वाटतं कर्व्हला आधी वेळ द्यावा. पहिला आठवडा फक्त निळा चॅनल हलवून पाहा. त्याने उजळपणा फारसा बिघडत नाही, त्यामुळे रंगात काय झालं ते स्वच्छ दिसतं.

आजीच्या फोटोवर शेवटी निळ्याचे दोन बिंदू आणि लालचे तीन, एवढंच राहिलं. तीच सेटिंग बाकीच्या फोटोंवर चिकटवली. ३२ पैकी ४ फोटोंत पुन्हा हात घालावा लागला, तोही ढग आल्याने खिडकीतला उजेड बदलला होता म्हणून.