शाळेतला एसईएल प्रोग्राम, एक वर्ष वापरून झाल्यावर (५ पैकी २ स्टार)

लेक सहावीत आहे, पुण्यात इंग्लिश मीडियमला. गेल्या जूनमध्ये फीच्या पावतीवर २,४०० रुपयांची एक नवीन ओळ दिसली, सोशल इमोशनल लर्निंग (एसईएल) म्हणून, म्हणजे मुलांना भावना ओळखायला नि सांभाळायला शिकवणं. बाहेरच्या एका कंपनीचा प्रोग्राम आहे, आठवड्याला एक तास, वर्कबुक, रोज मूड भरायचं ॲप आणि मार्चमध्ये रिपोर्ट. शाळेचं नि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, असली पॅकेजेस आता बऱ्याच शाळांत आलीत आणि मला पॅकेजबद्दलच बोलायचंय.

आधी सांगते, मुलांना भावनांबद्दल शाळेत बोलता यावं असं मला मनापासून वाटतं, आमच्या वेळी रडलं की बाकावर उभं करायचे. त्यामुळे मी खुशीने पैसे भरले.

ॲपमध्ये सकाळी मूडप्रमाणे रंग निवडायचा असतो, लाल, निळा, हिरवा, पिवळा, त्यात निळा म्हणजे उदास आणि हिरवा म्हणजे छान. दिवाळीनंतर माझ्या सासूबाई गेल्या, लेक त्यांच्याजवळच वाढलेली, तर ती आठ-दहा दिवस रोज निळा दाबत होती. प्रत्येक निळ्याला वर्गातून उठवून काउन्सेलरकडे, तिथे तेच तेच प्रश्न, मग श्वासाचा व्यायाम, आणि परत वर्गात आली की सगळे बघतायत. मग तिने हिरवा दाबायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाली, "आई, हिरवा दाबला की कोणी काही विचारत नाही." हे ऐकून मला खरंच गलबलून आलं. आजी गेल्यावर दहा दिवस दुःखी असणं हा काय प्रॉब्लेम आहे का जो सोडवायचाय? आणि ॲपच्या ग्राफवर मात्र ती "सुधारली".

रिपोर्टवरचे पाच मथळे, म्हणजे स्वतःची जाणीव, स्वतःवर ताबा, दुसऱ्यांची जाणीव, नातेसंबंध आणि जबाबदार निर्णय, हे अमेरिकेतल्या कॅसेल नावाच्या संस्थेच्या मांडणीतून घेतलेत, ती १९९४ पासून हेच काम करते. मथळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढे ग्रेड? लेकीला "स्वतःवर ताबा" या मथळ्याखाली सी मिळाला. कारण विचारलं तर कळलं की वर्गातल्या एका मुलीला, जी आरटीईच्या जागेवर आलीये, दोघं-तिघं रोज "फुकटवाली" म्हणून चिडवायचे आणि एक दिवस माझी लेक त्यांच्यावर ओरडली. चिडवणाऱ्यांचे ग्रेड चांगले, कारण ते शांतपणे चिडवत होते. अशा वेळी राग येऊ नये असं मला माझ्या मुलीला शिकवायचंच नाहीये. त्या चिडवण्याचं शाळा काय करणार हा प्रश्न मी दोनदा विचारला, दोन्ही वेळा उत्तर मिळालं की मुलांची रेझिलियन्स, म्हणजे सोसून परत उभं राहायची ताकद, वाढवतोय.

वर्कबुकमधले भावनांचे शब्द सगळे इंग्लिश, सॅड, अँग्री, अँक्शस वगैरे. आमच्या घरात मूल रुसतं, हिरमुसतं, ओशाळतं, खट्टू होतं, नुसतंच "कसंतरी होतंय" म्हणतं, नि प्रत्येक वेळी आपण वेगळं वागतो, रुसलेल्याची समजूत काढायची आणि ओशाळलेल्याकडे जरा दुर्लक्ष करायचं. यातलं काही म्हणजे काहीच त्या पुस्तकात नाही.

कंपनीने पालकांना डेमो दिला, त्या दिवशी स्लाइडवर होतं, "अभ्यासात ११ टक्के वाढ". ते मी शोधून वाचलं. २०११ चं संशोधन आहे, असले २१३ प्रोग्राम, सुमारे २ लाख ७० हजार मुलं, बहुतेक अमेरिकेतली, आणि अभ्यासातली प्रगती त्यातल्या थोड्याच प्रोग्राममध्ये मोजली होती. ११ आहेत ते पर्सेंटाइल, म्हणजे शंभराच्या रांगेत मधलं मूल ११ जागा पुढे सरकतं, मार्क ११ टक्क्यांनी वाढत नाहीत. संशोधन चांगलंच आहे, स्लाइड दिशाभूल करणारी आहे. त्याच पॅकेजमध्ये माइंडफुलनेसची, म्हणजे श्वासाकडे नि मनाकडे लक्ष देत शांत बसायची, १० मिनिटं आहेत, शाळेतल्या माइंडफुलनेसच्या तासांची ब्रिटनमध्ये ८५ शाळांत, आठ हजारांवर मुलांवर मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, शाळेत नेहमी जे चालतं त्याच्यापेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही. हे डेमोत कोणी सांगितलं नाही.

आणि ॲपमधला डेटा जातो कुठे? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागितलीये, आमच्याकडे सहल, बस आणि हे ॲप मिळून एकच सही होती. लेकीचे निळे दिवस कोणाच्या सर्व्हरवर किती वर्षं राहणार, लेखी उत्तर अजून आलेलं नाही.

मग दोन स्टार कशाचे? ते शुक्रवारच्या तासाचे. क्लास टीचर वर्कबुक बाजूला ठेवून मुलांना गोल बसवतात, ज्याला बोलायचंय तो बोलतो, नसेल बोलायचं तर नुसतं बसायचं, आणि मराठी हिंदी काहीही चालतं. लेक आजीबद्दल पहिल्यांदा तिथे बोलली, जानेवारीत, तिची तिची तयारी झाल्यावर. एका वर्गात ५२ मुलं असताना त्या बाई हे करतात, त्यांना या प्रोग्रामचं ट्रेनिंग एका शनिवारचं मिळालंय, आणि २,४०० गुणिले ५२ केलं तर एका वर्गाचे सव्वा लाखाच्या जवळ होतात, तेवढ्यात त्यांच्या मदतीला अर्धवेळ कोणीतरी नाही का येऊ शकत?

पुढच्या वर्षीचा फॉर्म परवा आला. ॲप आणि ग्रेडपुढे मी "नको" लिहिलंय, शुक्रवारच्या तासापुढे "हवं", आणि चिडवण्याबद्दलचा प्रश्न खाली तिसऱ्यांदा लिहिलाय.