रोर्शाकची दहा कार्डं: घेण्याआधी आणि घेतल्यावर

शाईच्या डागांची कार्डं दाखवून त्यांत काय दिसतं ते विचारणारी रोर्शाक चाचणी म्हणजे अबोध मनाचा एक्स-रे, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. संच विकत घेणाऱ्याने ही समजूत दुकानाबाहेरच ठेवावी. हेर्मान रोर्शाकने स्वतः १९२१ च्या 'सायकोडायग्नोस्टिक'मध्ये लिहून ठेवलंय की अबोध मनात उतरायचं साधन म्हणून या प्रयोगाकडे पाहू नये. त्या कामाला स्वप्नांचं विश्लेषण आणि शब्द-साहचर्याचा प्रयोग (एक शब्द ऐकून मनात येणारा पहिला शब्द सांगायचा) कितीतरी सरस. आणि हा गृहस्थ काही मनोविश्लेषणाचा विरोधक नव्हता. त्याने मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलरच्या हाताखाली प्रबंध लिहिला होता आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या स्विस मनोविश्लेषण संस्थेचा तो उपाध्यक्ष होता. डागात माणसाला 'काय' दिसतं यापेक्षा ते 'कसं' दिसतं, यात त्याला रस होता. 'प्रक्षेपण' (मनातलं बाहेरच्या वस्तूत दिसणं) हे लेबल नंतर आलं, लॉरेन्स फ्रँकच्या १९३९ च्या लेखामुळे. तोवर रोर्शाक हयात नव्हता. एप्रिल १९२२ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, पोटात अपेंडिक्स फुटून तो गेला.

आता वस्तूकडे. जाड पुठ्ठ्यावर छापलेली दहा कार्डं. १, ४, ५, ६, ७ काळ्या-करड्या रंगात. २ आणि ३ मध्ये काळ्याबरोबर लाल. ८, ९, १० रंगीत. अधिकृत संच हॉग्रेफ या प्रकाशकाचा. पहिला प्रकाशक बर्नचा एर्न्स्ट बिर्शर, मग हान्स हुबर, आणि हुबर पुढे हॉग्रेफकडे गेलं. अधिकृत संच फक्त पात्र व्यावसायिकांना विकला जातो आणि ते योग्यच आहे. कोणत्या डागात बहुतेकांना काय दिसतं, हे इथेही मुद्दाम लिहिलेलं नाही.

बाजारात फोटोकॉपी करून लॅमिनेट केलेले स्वस्त संच मिळतात. ते घेऊ नयेत, आणि कारण कायद्याचं नाही. रोर्शाकने काढलेले डाग बऱ्यापैकी सपाट होते. छापताना त्यांत फिकट-गडद छटा उतरल्या, आणि त्याने त्या चूक न मानता चाचणीत सामावून घेतल्या. छटांच्या कोडिंगची (उत्तरांना ठरावीक खुणा देण्याची) व्यवस्थित घडी पुढे हान्स बिंडरने १९३२ मध्ये बसवली. आज पोत, खोली आणि धूसरपणा यांचे तिन्ही निर्धारक (उत्तर डागातल्या कशामुळे सुचलं ते सांगणारे कोड) याच छटांवर उभे आहेत. फोटोकॉपीत करडा एकतर काळा होतो किंवा पांढरा. मग समोरचा माणूस 'मऊ केसाळ कातडं' म्हणतच नाही, आणि पोताची उत्तरं जवळिकीच्या गरजेची खूण मानणारा परीक्षक अहवालात लिहितो की याला ती गरजच भासत नाही! दोष कार्डाचा, शिक्का माणसावर. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते ते वेगळंच. मोबाइल किंवा लॅपटॉपवर दाखवलं तरी तीच गत: ब्राइटनेस बदलला की छटा बदलल्या, शिवाय कार्ड हातात घेऊन फिरवता येत नाही.

नुसती कार्डं घेऊन काही होत नाही, हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. मॅन्युअल, लोकेशन शीट (दहाही डागांच्या छोट्या प्रतिमा असलेला कागद, दर माणसामागे एक) आणि कोडिंगचा फॉर्म वेगळे घ्यावे लागतात. पद्धत कोणती, हेही आधीच ठरवावं. कोडिंग आणि अर्थ लावण्याच्या दोन पद्धती मुख्य. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एक्स्नरची कॉम्प्रिहेन्सिव्ह सिस्टिम १९७४ ची. २००६ मध्ये एक्स्नर वारले आणि तिची वाढ थांबली. आर-पास (R-PAS) २०११ ची, स्कोअरिंग ऑनलाइन आणि दर प्रोटोकॉलमागे (एका माणसाच्या उत्तरांची पूर्ण नोंद) पैसे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आर-पासच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं मुख्य कारण प्रतिसादांची संख्या. एक्स्नर पद्धतीत १४ पेक्षा कमी प्रतिसाद आले की प्रोटोकॉल बाद, आणि दुसऱ्या टोकाला कुणी पन्नास-साठ देऊन बसतो. मग दोघांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आर-पासमध्ये प्रत्येक कार्डाला दोन, फार तर तीन उत्तरं द्या, असं सुरुवातीलाच सांगतात. एकच आलं तर आणखी एकाची आठवण करायची, चार झाली की कार्ड परत मागायचं. एवढ्याशा सूचनेने निम्मी डोकेदुखी जाते.

घेण्याची रीत सोपी दिसते, पण बिघडते तिथेच. समोरासमोर बसू नये. शेजारी, किंचित मागे बसावं, म्हणजे आपल्या चेहऱ्यावरून अंदाज बांधला जात नाही आणि माणूस डागावर कुठे बोट ठेवतो ते दिसतं. कार्डं पालथी, क्रमाने, त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. कार्ड सरळ त्याच्या हातात द्यावं आणि एवढंच विचारावं: 'हे काय असू शकेल?' 'कल्पनाशक्तीची परीक्षा आहे' असं चुकूनही म्हणू नये. मग लोक पाहायचं सोडून गोष्टी रचतात. कार्ड फिरवलं तर कोणत्या बाजूला फिरवलं ते बाणाने टिपावं.

खुलाशाचा टप्पा दहाही कार्डं संपल्यावर. प्रत्येक कार्डामागे लगेच विचारत गेलं की माणूस दुसऱ्या-तिसऱ्या कार्डापासूनच 'कारण रंग असा आहे' अशी उत्तरं देऊ लागतो. म्हणजे रंगाचे निर्धारक आपणच पेरले. खुलाशात दोनच गोष्टी हव्या असतात: कुठे दिसलं आणि कशामुळे तसं वाटलं. 'ते हलतंय का?', 'रंगामुळे का?' हे प्रश्न वर्ज्य. माणूस मराठीत बोलत असेल तर मराठीतच, शब्दन् शब्द उतरवावं. इंग्रजीत सारांश लिहिणारे 'वाकून उचलतायत' याचं नुसतं 'दोन माणसं' करतात आणि मानवी हालचालीचा कोड तिथेच हरवतो.

कोडिंगमधला सर्वांत रोचक भाग रोर्शाकने युंगच्या अंतर्मुख-बहिर्मुख कल्पनेच्या छायेत, पण स्वतःच्या वाटेने घडवला: एका बाजूला मानवी हालचालीचे प्रतिसाद, दुसऱ्या बाजूला रंगाची भारित बेरीज. आकार प्रधान आणि रंग दुय्यम असेल (एफसी) तर अर्धा गुण, रंग प्रधान (सीएफ) तर एक, नुसता रंग (सी) तर दीड. समजा हालचालीचे ५ प्रतिसाद, एफसी २, सीएफ १. रंगाची बेरीज २, म्हणून गुणोत्तर ५:२. एक्स्नर पद्धतीत दोन्ही बाजूंची बेरीज ४ ते १० असताना निदान २ चा फरक हवा; इथे बेरीज ७ आणि फरक ३, म्हणजे कल अंतर्मुख शैलीचा. एकूण बेरीज ४ च्या आत असेल तर शैलीविषयी गप्प राहावं. हे एकेका उत्तरावरून होत नाही, पूर्ण प्रोटोकॉलवरूनच होतं. एखादं चमत्कारिक उत्तर पकडून त्यावर बालपणीचा इतिहास रचणं म्हणजे रोर्शाकने नाकारलेलंच काम त्याच्या नावावर खपवणं. (याला एक पुरवणी हवी: फेब्रुवारी १९२२ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने स्विस संस्थेपुढे मनोविश्लेषक ओबरहोल्त्सरच्या एका रुग्णाचा प्रोटोकॉल आशयाच्या अंगानेही उलगडून दाखवला होता. पण आकारांचा हिशेब मांडूनच.)

विश्वासार्हतेबद्दल दोन्ही बाजू बघाव्यात. एक्स्नरने तुलनेचे निकष ज्यावरून ठरवले त्या ७०० जणांच्या नमुन्यात २२१ नोंदी दुबार निघाल्या, हे २००१ मध्ये उघड झालं. शिवाय त्या निकषांवर धडधाकट माणसंही आजारी दिसतात, हा आक्षेप खरा ठरला. संशोधक मिहुरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चाचणीतल्या ६५ निर्देशकांचा आढावा घेतला. विचार आणि आकलन यांतला गोंधळ टिपणारे निर्देशक भक्कम निघाले, बऱ्याच इतरांना फारसा आधार सापडला नाही. कडव्या टीकाकारांनीही २०१५ मध्ये त्या पहिल्या गटापुरता आपला विरोध मागे घेतला. म्हणजे मनोविकृतीची शंका असलेल्या ठिकाणी संच कामाचा. 'याचं व्यक्तिमत्त्व कसं आहे ते सांगा' या मोघम मागणीला कमकुवत. नोकरभरतीत तर नकोच.

आपल्याकडे आणखी एक अडचण. २००७ चे आंतरराष्ट्रीय निकष १७ देशांतल्या २१ नमुन्यांवरचे आहेत, ४,७०४ माणसं, आणि त्यांत भारत नाही. आकाराची गुणवत्ता (सांगितलेली वस्तू डागाच्या आकाराशी किती जुळते) ठरवताना इथल्या देवदेवता, दागिने, भाज्या, सणाच्या वस्तू तक्त्यात सापडणार नाहीत. म्हणून लगेच 'विकृत' असा कोड देऊ नये. तक्त्यातली तशाच आकाराची वस्तू शोधून ताडावं आणि ते अहवालात नोंदवावं.

वेळेचा हिशेब: घ्यायला साधारण तासभर, कोडिंगला नवख्याला दोन तास सहज. रोजच्या गर्दीच्या ओपीडीत हे बसत नाही. अबोध मनाकडेच जायचं असेल तर युंगची १०० शब्दांची यादी आणि एक स्टॉपवॉच जवळपास फुकटात पडतं: उत्तराला लागलेला वेळ टिपायचा, मग यादी पुन्हा वाचून कोणतं उत्तर बदललं ते पाहायचं.

कार्डं उन्हात किंवा कपाटाबाहेर ठेवू नयेत, रंगीत तिन्ही फिकी पडतात. टेबलावर पेन्सिल ठेवू नये. माणसं दाखवायच्या भरात डागाभोवती रेघ ओढतात, आणि त्या कार्डावर पुढच्या प्रत्येकाला ती रेघच आधी दिसते.