मोठी राईड कुणाच्या पैशातून? इमॅजिका आणि वंडरला यांचे दोन रस्ते

वॉटर पार्क बरा चाललाय, शेजारची जमीन हाताशी आहे आणि आता एखादा मोठा रोलर कोस्टर आणावा असं मनात घोळतंय. अशा वेळी मालक आधी कंपन्यांचे कॅटलॉग चाळायला घेतो. माझं म्हणणं, आधी पैसा कुणाचा ते ठरवा. राईड केवढी, कधी आणि किती घाईत उभी राहणार, हे पुष्कळसं त्यावरच ठरतं.

हिशेबातली मेख अशी की आपल्याकडच्या मोठ्या पार्कांत एकाच तिकिटात जवळपास सगळ्या राईड्स असतात. त्यामुळे नव्या कोस्टरचा स्वतःचा गल्लाच नसतो. तो एक तर जादा माणसं आणतो, नाही तर तिकीट वाढवायला निमित्त देतो. समजा राईड 40 कोटींची, सगळी कर्जावर, 10 टक्के व्याज, दहा वर्षांत फेड. पहिल्या वर्षी मुद्दल 4 कोटी, व्याज 4 कोटी. 1,180 रुपयांच्या तिकिटातले 180 जीएसटीत गेले, माणशी 300 खर्च धरला, हाती 700 उरले. म्हणजे 8 कोटींसाठी वर्षाला सुमारे 1 लाख 14 हजार जादा माणसं हवीत. जी मंडळी एरवीही आलीच असती ती यात धरायची नाहीत. वीज, विमा, सुटे भाग तर अजून मोजलेच नाहीत. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

आता दोन रस्ते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांनी 2013 मध्ये अ‍ॅडलॅब्स इमॅजिका उघडलं. सुमारे 1,600 कोटींचा प्रकल्प, त्यात बँकांचं कर्ज मोठं. पण पैसा एकदम हाती आल्यामुळे पहिल्याच वर्षी स्विस कंपनी बोलिगर अँड माबियार्डचा 'नायट्रो' उभा राहिला. हा पाय मोकळे लोंबकळणारा, बिनतळाचा कोस्टर साधारण 40 मीटर उंच आहे. असं काही भारतात तोवर नव्हतं. शेअर बाजाराचा पैसा मात्र नंतर आला, 2015 मध्ये, आणि त्यातला मोठा वाटा कर्ज फेडण्यासाठीच होता. तेव्हाही प्रतिसाद थंड होता. आधी 221 ते 230 रुपयांचा जाहीर केलेला किंमतपट्टा खाली आणावा लागला आणि भाव 180 ला ठरला. पुढे कोविड येण्याआधीच हप्ते थकले. 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे ताबा गेला. राईड्स जागच्या जागी राहिल्या, मालक बदलले.

वंडरलाचा क्रम उलटा. व्ही-गार्डचे कोचौसेफ चिट्टिलाप्पिल्ली यांनी 2000 मध्ये कोचीला वीगालँड सुरू केलं, तेच पुढे वंडरला झालं. ते चालल्यावर 2005 मध्ये बंगळूर. मग 2014 मध्ये 125 रुपये भावाने शेअर विकून आधी पैसा गोळा केला आणि 2016 मध्ये हैदराबाद उघडलं. भुवनेश्वरच्या पार्कसाठी, जो 2024 मध्ये सुरू झाला, सुमारे 50 एकर जमीन ओडिशा सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतली. बऱ्याच राईड्स कंपनी स्वतःच्या कारखान्यात बनवते, त्यामुळे परदेशी चलनाची चिंता आणि सुट्या भागांसाठी महिनोन्‌महिने थांबणं, दोन्ही कमी होतं.

या शिस्तीची किंमतही कमी नाही. चेन्नईच्या पार्कची जमीन वर्षानुवर्षं पडून राहिली, कारण स्थानिक करमणूक कर माफ होईपर्यंत कंपनीने काम सुरू करायचं टाळलं. डिसेंबर 2024 मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून सुमारे 540 कोटी उभे केले आणि डिसेंबर 2025 मध्ये पार्क उघडला. तिथे त्याच स्विस कंपनीचा, रुळांखाली लटकत धावणारा 'तंजोरा' आहे. म्हणजे खोपोलीला जो नावाचा माल पहिल्याच वर्षी मिळाला, त्यासाठी वंडरला बारा वर्षं थांबली. पण थांबली ती मालक म्हणून.

परदेशातले दोन मार्ग नुसते नजरेखालून घाला. ब्रिटनमध्ये मर्लिन या पार्क चालवणाऱ्या कंपनीने 2007 मध्ये आल्टन टॉवर्स पार्कसह काही ठिकाणांची जागा 62 कोटी 20 लाख पौंडांना विकली आणि तीच भाड्याने घेऊन चालवली. एकरकमी पैसा सुटतो, पण भाडं पावसाळा पाहत नाही. जर्मनीच्या युरोपा-पार्कमध्ये 2002 च्या 'सिल्व्हर स्टार'ला मर्सिडीज-बेंझचं प्रायोजकत्व मिळालं. छान सोय, पण त्यासाठी मुळात वर्षाला लाखो लोक आत यावे लागतात. नव्या मालकाने यावर फार विसंबू नये.

पैसा कुठूनही येवो, आराखड्यात एक गोष्ट आधीच बघा. 24 जणांची एकच गाडी दर तीन मिनिटांनी सुटली तर तासाला 480 लोक बसतात. मेच्या सुट्टीतल्या रविवारी ही रांग दोन तासांवर जाते आणि लोक घरी जाऊन रांगेच्याच गोष्टी सांगतात. दोन गाड्या धावल्या तर आकडा जवळपास दुप्पट होतो. त्यासाठी मार्गाचे सुटे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर पुढची गाडी गेल्याशिवाय मागची न सोडणारे ब्रेक लागतात. पैसा कमी असेल तर दुसरी गाडी नंतर घ्या, ब्रेकचे टप्पे मात्र पहिल्याच आराखड्यात घाला. बांधून झालेल्या मार्गात ते बसवणं म्हणजे अर्धा कोस्टर पुन्हा बांधणं.

मग तुम्ही काय करावं? पार्क अजून दोन-तीन उन्हाळेही पाहिलेला नसेल तर मोठ्या कर्जाच्या वाटेला जाऊ नका, बँक कितीही गोड बोलली तरी. गेल्या काही वर्षांची शिल्लक राईडच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर उरलेल्यासाठी कर्ज घ्यायला माझी हरकत नाही. मात्र पहिला हप्ता उद्घाटनानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यानंतर सुरू होईल असं लिहून घ्या आणि हप्ते वर्षभर सारखे न ठेवता मे आणि डिसेंबरच्या गर्दीनंतर भारी पडतील असे बांधून मागा. शिल्लक त्याहून कमी असेल तर भागीदार शोधा. हिस्सा कमी होईल, पण मंदीच्या वर्षी तो दारात हप्ता मागायला येत नाही. आणि परदेशी कोस्टर असेल तर करार होताना उद्घाटन मार्चअखेर धरा. जूनमध्ये उघडलेल्या राईडला पहिलं गिऱ्हाईक पाऊसच.