लॉच्या विद्यार्थ्याने फ्लॅट कुठे घ्यावा: पणजी की पर्वरी?

पेडण्याच्या भाच्याला मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजात प्रवेश मिळालाय, आणि तिघे मित्र मिळून फ्लॅट शोधताहेत. एजंट दोन्हीकडे ‘सगळं जवळच’ म्हणतो. ते सोडून द्या.

भाडं: पर्वरीत तुलनेने कमी, पण स्वस्त नव्हे. पणजीत तेवढ्याच पैशांत खोली लहान आणि गाडी लावायला जागा शोधत फिरायचं.

येणं-जाणं: खरा फरक इथे. पर्वरीहून आधी मांडवी ओलांडून पणजी बसस्टँड, मग मिरामारची दुसरी बस. मूट कोर्टची (कॉलेजातल्या सराव-खटल्याची) तयारी रात्री लांबली की बस मिळणं कठीण, म्हणजे स्कूटर हवीच. तिचं पेट्रोल भाड्यात धरा, मग पर्वरीची बचत किती उरते ते बघा. पणजीतल्या सांतिनेजहून मात्र सायकलही चालेल.

पुस्तकं: पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसायचं तर पणजीच बरी. उलट हायकोर्ट पर्वरीला, त्यामुळे इंटर्नशिपला तिकडची सोय.

पाऊस: दोन्हीकडे सारखाच छळ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी आधीच्या गुन्ह्यांसाठी जुनी भादंवि (भारतीय दंड संहिता) लागतेच. म्हणजे दोन्ही पुस्तकं बाळगा आणि दोन्हींच्या पुठ्ठ्यावरची बुरशी पुसत बसा. खोली बघताना कपाटामागच्या भिंतीला हात लावून ओल बघावी, टाइल्स नंतर.

पहिल्या दोन-तीन वर्षांत, गाडी नसेल तर पणजी. शेवटच्या वर्षी, वकिलांकडे उमेदवारी करायची आणि स्कूटर असेल तर पर्वरी.